दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न माझ्या लिव्हरपायी मोडायला आलं होतं. आता घरात ही गोष्ट हसत सांगतात आणि सांगणाऱ्यांत माझी बायको सगळ्यांत पुढं असते. मीही ऐकून घेतो. पण त्या वेळी सौंसरात माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

राज्य बदललं त्या सालातली ही गोष्ट. आम्ही पांढुर्ण्याचे. तोवर नागपूर आमची राजधानी होती. कोर्ट, कॉलेज, मोठा दवाखाना, संत्र्याचा बाजार, सगळं तिकडं. मग नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. राजधानी भोपाळ, जिथं मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या सगळ्या भागात घरोघरी मराठी बोलतात, हे सांगत मी बाजारात पुष्कळ आरडाओरडा केला. माझं कोणी ऐकलं नाही. संत्र्याचा भाव मात्र नागपुरातच ठरत होता, म्हणून माझं तिकडचं येणंजाणं तसंच चालू राहिलं.

मी संत्र्याचा व्यापारी. बाप मजूर होता आणि मोहाची दारू प्यायचा. मी जाणता झालो तेव्हा त्याचे हातपाय काडीसारखे झाले होते आणि पोट तेवढं फुगलेलं होतं. त्याच पोटानं तो गेला. मी तेव्हा पांढुर्ण्याच्या स्टेशनावर संत्र्याच्या टोपल्या डब्यात चढवायचो. दारूच्या थेंबाला शिवायचं नाही हे मी आईला सांगितलं होतं. ते सांगणं मला जड गेलं नाही, कारण मला तो वासच सहन होत नव्हता. टोपल्या चढवता चढवता माल ओळखायला शिकलो, मग भाव ओळखायला शिकलो, आणि स्वातंत्र्य आलं तेव्हा माझ्या स्वतःच्या नावानं माल नागपूरला जाऊ लागला होता. साखरेवरचं कंट्रोल उठलं तेव्हा मी घरी सांगून ठेवलं की आता चहात साखर हात राखून घालायची नाही. ज्यानं लहानपणी गूळसुद्धा दिवाळीलाच पाहिला, त्याला गोडाची हाव सुटते. मला सुटली. अंगानंही मी सुटलो. लोक म्हणायचे, शेठला व्यापार मानवला.

आमच्या धंद्यात गोडाचं आणखी एक कारण होतं. आम्ही बागेतला माल झाडावर असतानाच घेतो. बागवाल्याबरोबर सगळी बाग फिरायची, चार-दोन झाडांची फळं चाखायची, मग दुपट्ट्याखाली दोघांनी एकमेकांचे हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. आजूबाजूला दहा माणसं बसलेली असली तरी त्यांना काही कळत नाही. माझ्यासारख्या तापट माणसाला ही पद्धत चांगली, कारण तोंड बंद ठेवावं लागतं. भाव जुळला की बागवाल्याच्या घरून गूळ आणि पाणी येतं. एकाच ढेपेतला खडा त्यानं खायचा आणि एक मी. गूळ खाल्ला की सौदा झाला. मग भाव चढो का पडो, शब्द फिरत नाही. ज्यानं गूळ खाल्ला नाही त्याच्या मनात काही आहे असं समजतात आणि माल दुसऱ्याला दाखवतात. हंगामात मी रोज बागा फिरायचो. रोजचा किती गूळ पोटात जात होता, ते मी कधी पाहिलं नाही.

त्या दसऱ्याच्या सुमारास मला फार तहान लागू लागली. पाणी प्यायचं आणि बाहेर जायचं, हेच चाललेलं. दुपारी गादीवर बसल्या बसल्या डोळा लागायचा. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, कोणी आतून वीट ठेवावी तसं. बायकोनं धोशा लावला म्हणून नागपूरला डॉक्टरकडे गेलो. सोबत सौंसरचा साळा होता. तोही त्या दिवशी बाजाराला निघाला होता.

डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, श्वास ओढायला सांगितला आणि बरगडीखाली बोटं खुपसली.

"लिव्हर वाढलं आहे," ते म्हणाले. "दारू किती घेता?"

"थेंब नाही."

"लाजू नका. खरं सांगा. इलाज त्यावर ठरते."

मी सदरा वर गुंडाळलेला तसाच उठून बसलो आणि बापापासून सगळं त्यांना ऐकवलं. माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. डॉक्टर शहाणे होते. त्यांनी मला ओरडू दिलं आणि मग लघवी तपासायला घेतली. काचेच्या नळीत निळं औषध होतं, त्यात थेंब टाकून त्यांनी ती दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि शेवटी विटकरी.

"घ्या," ते म्हणाले. "तुम्ही खरं बोलून राहिले. ही दारू नाही, साखर आहे. मधुमेह. मोठेपणी, अंग सुटल्यावर येते तो. धंदा काय करता?"

मी सांगितला.

"मग समजा, लिव्हर म्हणजे तुमचं गोदाम. तुम्ही खाऊन राहिले त्याचा माल आत येते. अंगाला लागते तेवढा उठते, उरलेला तिथंच पडून राहते. त्याची चरबी होते. तुमच्या गोदामात आता माणूस शिरायले जागा नाही."

हे मला पटलं. गोदाम तुंबलं की काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. गूळ, साखर, मिठाई बंद, भात नावाला, भाकर मोजून, भाजी भरपूर, रोज चालायचं आणि वजन उतरवायचं. उतरलं नाही तर रोजची सुई. मी मान हलवली. साळा दाराशी उभा होता. त्यानं आत काय चाललंय त्यातला सुरुवातीचा भाग तेवढा ऐकला होता.

घरी आलो. बायकोला "लिव्हर सुजलं" एवढं सांगितलं आणि जेवून झोपलो. साखरेचं दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी उठलो तर तिनं इलाज सुरू केला होता. आमच्याकडे लिव्हर म्हटलं की लोकांना एकच रोग माहीत, कावीळ. आणि काविळीवर सगळ्या घरांत एकच उपाय, उसाचा रस.

"मले कावीळ नाही," मी म्हटलं.

"लिव्हर सुजलं म्हणजे दुसरं काय रायते? डोळे पिवळे व्हाची वाट पाहू काय? प्या मुकाट्यानं."

"डॉक्टरनं गोड बंद केलं आहे."

"मिठाई बंद केली असंन. रस म्हणजे काय मिठाई होय? तो तर थंडा रायते."

आता, मी कसा कबूल झालो ते मला नीट सांगता येत नाही. सकाळी रस, दुपारी खडीसाखरेचं पाणी. तूप, तेल, हळद बंद. हाटातल्या बायका तिला सांगून जायच्या, मूठभर ग्लुकोजही द्या, ताकद येते. मला ते गोड लागत होतं, आणि औषध गोड असलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही. दिवाळी झाली. मी चहात साखर घेत नव्हतो, मिठाईला हात लावत नव्हतो आणि मोठं पथ्य पाळतो म्हणून सगळ्यांवर चिडत होतो. पण तहान वाढतच चालली आणि जिना चढताना दम लागू लागला.

पुन्हा नागपूर. या वेळी बायको बरोबर. नळीतलं औषध या खेपेला विटकरी व्हायला वेळसुद्धा लागला नाही.

"काय खाऊन राहिले तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मीच पाजला जी. उसाचा रस."

डॉक्टर टेबलावर हात टेकून बसले. "बाई, गोदामात जागा नव्हती म्हणून मी माल बंद केला, तर तुम्ही मागच्या दारानं गाड्या आणून राहिल्या!"

त्या दिवसापासून बायकोनं माझं ताट स्वतःच्या हातात घेतलं. अंबाडीची भाजी, मुळा, ताक, ज्वारीची एक भाकर, फार तर आणखी चतकोर. दुसरी मागितली की ती म्हणायची, "गोदाम भरलं."

इकडं हे चाललं असताना सौंसरात माझी बदनामी होऊन गेली होती.

थोरल्या मुलीचं स्थळ जवळपास ठरलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, बाप सौंसरच्या शाळेत हेडमास्तर. मुलानं मुलगी पाहिली होती, तिलाही तो आवडला होता. ती तोंडानं बोलली नाही, पण सौंसरची बस आली की ती ओट्यावर काही ना काही निवडत बसायची. आता फक्त साक्षगंधाचा दिवस धरायचा होता. तो धरायला तिकडून कोणी येईना. साळ्याला विचारलं तर तो इकडंतिकडं पाहू लागला.

"बोल ना बे!"

"मी काई बोललो नाई भाऊजी. मले बसस्टँडवर कोणी विचारलं, जवायाची तब्येत कशी आहे. मी म्हणलो, लिव्हर वाढलं. बस. दारूचं तर मी नावच नाई घेतलं."

"मग कोणी घेतलं?"

"लिव्हर म्हणल्यावर घ्या लागते काय?"

आणि हेडमास्तरांनी, माझ्याकडे येऊन मला विचारायचं सोडून, माझ्याबद्दल बाजारात विचारपूस केली होती. पानवाल्याला विचारलं, जिनिंगच्या मुकादमाला विचारलं. शेठ घेतात का? बाप घेत होता ना? माझा बाप! ज्या गोष्टीपासून मी सगळा जन्म दूर पळालो, ती या माणसानं पानाच्या दुकानावर माझ्या कपाळी चिकटवली. मुलीच्या डोळ्याला पाणी आलेलं मी पाहिलं नसतं, तर ते स्थळ मी त्याच दिवशी लाथाडलं असतं.

मी सरळ सौंसरला त्यांच्या घरी गेलो. ते शाळेतून येऊन टोपी काढत होते.

"गुरुजी, जे विचाराचं ते मले विचारा. पानवाला काय माझ्यासंग जेवते?"

ते शांतपणे म्हणाले, "बसा. पोराच्या बापाला विचारपूस करावी लागते. तुम्हीही माझी केली असेलच."

केली होती, पण तो मुद्दा नव्हता.

मी साखरेचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर असेल. पण दारूशिवाय लिव्हर वाढते, हे माझ्या तरी वाचण्यात नाही."

"मंग वाचू नका. पाहा. येत्या रविवारी माझ्यासंग बागेत चाला. मी रोज काय पितो अन् काय खातो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यानं पाहा. त्याच्यावर हो म्हणा नाही तर नाही म्हणा."

शाळेला सुटी होती, ते तयार झाले. बहुधा मला टाळता आलं नाही म्हणून.

पावसाळ्यात फुललेल्या मृगाच्या बहाराचे सौदे सुरू होते. थंडी होती. बोरगावच्या बाजूनं आम्ही छकड्यातून निघालो. पहिल्या बागेत चहा आला, मला बिनसाखरेचा सांगितला तर बागवाल्याची बायको म्हणाली की पाहुण्याला फिका चहा कसा द्यायचा, आणि दोघांचेही कप गुरुजींपुढं ठेवले. सौदा झाला. गूळ आला. मी खडा ओठाला लावला, पाणी प्यायलो आणि खडा हळूच दुपट्ट्याच्या टोकात बांधला. गेले काही दिवस मी असंच करत होतो. गुरुजींना मात्र बागवाल्यानं दोन खडे आग्रहानं खाऊ घातले. दुसऱ्या बागेत चहाबरोबर बेसनाचे लाडू. तिसरीकडे फळं सोलून हातावर ठेवली आणि पुन्हा गूळ. दुपारी जेवायला पुरणपोळी होती. मी भाकर मागितली. गुरुजींना तुपात बुडवलेली पोळी वाढली आणि ती संपायच्या आत दुसरी.

छकड्यात बसल्यावर त्यांनी धोतराची गाठ सैल केली.

"हे रोजच असते?"

"हंगामात रोज."

"आणि किती वर्षं?"

"स्वातंत्र्याच्या आधीपासून."

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाले, "मग शेठ, दारू प्यायला तुमच्या पोटात जागा कुठं होती?"

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. मला नुसती थट्टा नको होती, होकार हवा होता.

शेवटची बाग एका म्हाताऱ्या बागवाल्याची होती. माल उत्तम, असा माल मी सोडत नाही. दुपट्ट्याखाली त्यानं माझी बोटं चांगलीच पिळली, मीही त्याची पिळली. भाव जुळला. त्याची सून गूळ घेऊन आली. म्हाताऱ्यानं आपला खडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी ओठाला लावून हात खाली नेला, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं. दुपट्ट्याचं टोक सुटलं आणि सकाळपासूनचे खडे बाजेवर पडले.

"हे काय होय, शेठ?"

"मले डॉक्टरनं मना केलं आहे, बावाजी. साखरेचा रोग आहे."

"रोग असंन. पण तुमी सगळ्यायचा गूळ बांधून ठेवून राहिले. म्हणजे एक पण सौदा पक्का नाई? उद्या भाव पडला का म्हणान, मी गूळ खाल्लाच नोता!"

बाजेभोवती माणसं होती. ती एकमेकांकडे पाहू लागली. ही बातमी सगळ्या बोरगावात फिरली असती आणि माझे दिवसभराचे सौदे गेले असते. ते गेले असते तर गेले असते. पण गुरुजी शेजारी बसून पाहत होते, की हा माणूस शब्दाचा कसा आहे. माझं डोकं फिरलं. मी उठलोच. "ठेवा तुमचा माल, आन् तुमचा गूळ पण—" असं काहीतरी सुरू केलं होतं.

गुरुजींनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग म्हाताऱ्याच्या समोरच्या ताटलीत उरलेला एक खडा उचलला.

"यांच्या नावाचा मी खातो," ते म्हणाले. "चालेल?"

म्हाताऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दुसऱ्याच्या नावाचा गूळ घरच्यालेच खाता येते. तुमी यायचे कोण?"

गुरुजींनी खडा बोटांत फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही. "मी यांचा इवाई. पोराचा बाप. यांच्या पोरीचा सासरा."

आणि तो खडा त्यांनी तोंडात टाकला. दिवसभराच्या गोडावर तो कसा उतरला असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हातारा खूश झाला. "मंग ठीक आहे. इवायानं खाल्ला म्हणजे पक्कं." त्यानं सुनेला आणखी एक खडा आणायला सांगितलं, गुरुजींनी दोन्ही हात जोडले.

परतताना मी त्यांना सोडलं नाही. "म्हाताऱ्यापुढं म्हणाले ते ठीक. पण बदनामी बसस्टँडवर झाली. पानवाल्यालेही सांगा."

"मी पानवाल्याला काय म्हटलं होतं? फक्त विचारलं होतं."

"विचारणं म्हणजेच म्हणणं!"

"तुमचं लिव्हर कमी झालं पाहिजे हो, नाहीतर या रागानं आणखी सुजेल."

"रागाचं लिव्हरशी काही नाही. डॉक्टरले विचारा."

"विचारतो. तुमच्यासंगच येतो."

आणि खरंच आले. होळीनंतर डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं घातली तेव्हा लिव्हरची कड त्यांना मुश्किलीनं लागली, नळीतलं औषधही हिरवटच राहिलं. गुरुजींनी त्या काचेच्या नळीबद्दल इतके प्रश्न विचारले की बाहेरचे रोगी कुरकुरू लागले. पुढच्या हंगामात बागवाल्यांनीच माझ्यासाठी गुळाऐवजी भाजलेल्या जवसाची चिमूट ठेवायला सुरुवात केली. बोरगावच्या म्हाताऱ्यानं आधी केली, मग बाकीच्यांनी. पण माफी मात्र गुरुजींनी मागितली नाही. मीही ती वसूल केल्याशिवाय राहणार नाही असं त्यांना दर सणाला सांगतो, आणि ते दर सणाला येतात.

त्या रविवारी मात्र छकडा सौंसरला पोचेपर्यंत आम्ही लग्नाच्या दिवसावरून भांडत होतो. मी म्हणत होतो फाल्गुनात, कारण पुढं मृगाच्या मालाची तोड. ते म्हणत होते मे महिन्यात, शाळेला सुटी असते. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण दुसऱ्याचं म्हणणं इतक्या लवकर मान्य केल्याचं मला आठवत नाही.

दिवे लागून गेल्यावर मी एका मालट्रकातून पांढुर्ण्यात उतरलो. ओट्यावर मुलगी तांदूळ निवडत बसली होती. बस केव्हाच येऊन गेली होती, तरी तिचं निवडणं संपलं नव्हतं. बायको दारात आली.

"काय म्हणाले?"

"मे महिना," मी म्हटलं.

बायको तिथंच उंबऱ्यावर बसली. मुलगी सूप उचलून आत पळाली. निम्मे तांदूळ ओट्यावर सांडले होते, ते आम्ही दोघांनी वेचले.